चुका झुंडीने येतात

लघुलहरींवरील दूरदूरची केंद्रे ऐकण्याची ज्यांना एके काळी सवय होती, त्यांना एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नसे. खरखर ही कधीही समप्रमाणात येत नाही. बराच वेळ गाणे स्वच्छ ऐकू येते. मग एकाएकी वावटळ उठावी तसा आवाज भरून येतो, दोन-चार ओळी गिळून टाकतो आणि आला तसा निघून जातो. तासाभराच्या कार्यक्रमातील एकंदर खरखर मोजून तिची सरासरी काढली, तर ती बहुधा अगदी क्षुल्लक ठरेल. परंतु बातम्यांतील नेमके नाव त्या वावटळीत सापडले असेल, तर श्रोत्याने त्या सरासरीचे काय करावे?

हीच जुनी खरखर आज मोबाइलच्या पडद्यावर वेष पालटून येते. चित्र थबकते, माणसाच्या चेहऱ्याचे चौकोनी तुकडे होतात, अथवा पडद्याच्या मध्यभागी एक वर्तुळ निमूटपणे फिरत राहते. करमणुकीपुरते हे असते, तर ते सोसण्यासारखे होते. परंतु 2020 च्या मार्चमध्ये देशभर टाळेबंदी झाली आणि शाळा-महाविद्यालयांचे वर्ग मोबाइलवर भरू लागले, तेव्हा कोकणातल्या डोंगरावर किंवा मिझोराममधील टेकडीवर चढून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला त्या फिरत्या वर्तुळाची किंमत फार निराळी होती. गणिताच्या शिक्षकाने फळ्यावर लिहिलेली मधली एक पायरी हरवली, म्हणजे पुढले उदाहरण सगळेच हरवते.

या हरवण्यामागे काही रीत असते का? असली, तर ती आधी ओळखून तिच्यावर इलाज योजता येतो का? बिनतारी संदेशवहनाच्या शास्त्रज्ञांनी गेली साठ-पासष्ट वर्षे या प्रश्नाचा पाठपुरावा केला आहे.

प्रथम चलच्चित्र कसे पाठविले जाते ते पाहावे लागेल. आजच्या उत्तम पडद्यावरील एका चित्रात 1920 गुणिले 1080, म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी 24 बिट, म्हणजे शून्य किंवा एक असे 24 अंक, आणि दर सेकंदाला 25 चित्रे, असा हिशेब केला तर सेकंदाला सुमारे 124 कोटी बिट पाठवावे लागतील. इतका बोजा मोबाइलच्या वाटेवर कोणी घालू शकत नाही. म्हणून काटकसर केली जाते. पहिले चित्र पूर्ण पाठवायचे, आणि त्यानंतरच्या चित्रांत काय बदलले तेवढेच कळवायचे. बोलणाऱ्या माणसामागची भिंत जागची हलत नाही. तेव्हा ती सेकंदाला पंचवीस वेळा पाठविण्यात काय हशील? या युक्तीने बोजा शंभर-दोनशे पटींनी उतरतो, आणि जे उरते ते छोट्या छोट्या पाकिटांत भरून, प्रत्येकावर क्रमांक घालून रवाना केले जाते.

परंतु काटकसरीच्या संसारात एक वस्तू मोडली की तिची उणीव फार भासते, तसेच येथे होते. समजा, दर दोन सेकंदांनी एक पूर्ण चित्र येते आणि मधली 49 चित्रे केवळ फरकाची आहेत. पन्नासांतले शेवटचे चित्र बिघडले, तर एका चित्रापुरते नुकसान होईल आणि ते डोळ्यास कळणारही नाही. पण तिसरेच बिघडले, तर त्याच्या आधाराने उभी असलेली पुढली 47 चित्रेही वाकडी होतात. हरवलेले पाकीट दोन्ही वेळा एकच. हानी मात्र एकीकडे क्षणाची आणि दुसरीकडे जवळजवळ दोन सेकंदांची.

आता दोन वाटा कल्पाव्यात. दोन्ही वाटांवर शंभरांतले एक पाकीट हरवते. पहिल्या वाटेवर ही हानी विखुरलेली आहे. कधी येथे एक, कधी तेथे एक. दुसऱ्या वाटेवर एकोणीसशेऐंशी पाकिटे सुखरूप पोहोचतात आणि मग सलग वीस बुडतात. सरकारी तक्त्यात दोहोंसमोर एकच आकडा लिहिला जाईल. पण इलाज करू जाता त्या वाटांचे खरे रूप उघडे पडते.

सर्वांत साधा इलाज जमाखर्च लिहिणाऱ्या कोणालाही ओळखीचा वाटेल. दहा रकमा लिहिल्या आणि खाली बेरीज मांडली, की वरची एखादी रक्कम शाईने पुसली गेली तरी बेरजेवरून ती काढता येते. तसे दहा पाकिटांमागे एक बेरजेचे पाकीट जास्त पाठवावे. अकरांतले एक हरवले तर बिघडत नाही. पहिल्या वाटेवर हा इलाज फार गुणकारी ठरतो. अकरांच्या दोनशे गटांतून जेमतेम एकात दोन पाकिटे एकदम जातात. दुसऱ्या वाटेवर मात्र हीच बेरीज व्यर्थ आहे. वीस पाकिटांची झुंड आली की रकमाही गेल्या आणि बेरीजही गेली. उरलेल्या काळात ते अकरावे पाकीट निष्कारण वाहिले गेले, एवढेच. तेव्हा चुका किती यापेक्षा चुका कशा येतात, हा प्रश्न मोठा.

त्याचे पहिले नेटके गणित अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत एडगर गिल्बर्ट यांनी 1960 साली मांडले. त्यांच्यासमोर मोबाइल नव्हता. टेलिफोनच्या तारांवरून अंक पाठविताना गोंगाटाचे जे झटके येत, ते त्यांच्यासमोर होते. गिल्बर्ट यांनी असे कल्पिले की वाटेच्या दोनच अवस्था आहेत, एक चांगली आणि एक वाईट. चांगल्या अवस्थेत चूक होतच नाही. वाईट अवस्थेत प्रत्येक अंकाचे भवितव्य जणू नाणे उडवून ठरते. आणि प्रत्येक पावलाला या अवस्थेतून त्या अवस्थेत जाण्याचा ठराविक संभव असतो. त्याच प्रयोगशाळेतील ई. ओ. इलियट यांनी 1963 मध्ये त्यात एवढीच सुधारणा केली की चांगल्या अवस्थेतही क्वचित चूक व्हावी. दोघांच्या नावाने हे गणिती प्रारूप आजही ओळखले जाते.

त्याची सगळी ताकद दोन लहान आकड्यांत आहे. वाईट अवस्थेतून सुटण्याचा संभव दर पाकिटाला विसांत एक असेल, तर वाईट काळ सरासरी वीस पाकिटे टिकतो. चांगल्या अवस्थेतून घसरण्याचा संभव 1980 मध्ये एक असेल, तर चांगला काळ तितकाच लांब. वाईट काळात सारेच बुडते असे धरले, म्हणजे वर सांगितलेली दुसरी वाट या दोन आकड्यांत उभी राहते. एवढेच, की झुंडीची लांबी आता ठराविक न राहता कमीजास्त होते. पहिला आकडा झुंड किती लांब ते सांगतो, दुसरा दोन झुंडींत अंतर किती ते सांगतो. सरासरीच्या एका आकड्यात या दोन गोष्टी एकमेकींत मिसळून दिसेनाशा झाल्या होत्या.

या कल्पनेचे मूळ तारायंत्रात नव्हे, काव्यात आहे हे सांगितल्यास नवल वाटेल. आंद्रेइ मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाने 1913 साली पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’ या काव्यातील पहिली वीस हजार अक्षरे हाताने मोजली. त्यांत स्वर होते 8638, म्हणजे शेकडा 43. पण स्वराच्या पाठोपाठ पुन्हा स्वर येण्याचे प्रमाण शेकडा 13 होते, आणि व्यंजनामागून स्वर येण्याचे शेकडा 66. म्हणजे पुढे काय येणार ते आत्ता काय आहे यावर अवलंबून होते. अक्षरांच्या ओळीला जशी लगतच्या अक्षराची आठवण असते, तशी बिनतारी वाटेलाही लगतच्या क्षणाची आठवण असते. फरक इतकाच की स्वर स्वराला टाळतो आणि चूक चुकीला बोलावते.

मोबाइलच्या बाबतीत ही आठवण कोठून येते, याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे. मनोऱ्यावरून निघालेली लहर सरळ एका वाटेने हातातल्या यंत्रापर्यंत येते, असे शहरात सहसा घडत नाही. ती भिंतींवर आपटते, गाड्यांच्या टपांवरून उसळते, झाडांतून गाळली जाते आणि अनेक वाटांनी थोड्या थोड्या अंतराने पोहोचते. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर पडला की दोघी एकमेकींना नाहीसे करतात. अशा अनेक कंपनांची बेरीज कशी वागते याचे गणित लॉर्ड रॅले यांनी ध्वनीच्या संदर्भात 1880 सालीच केले होते. 1968 मध्ये बेल प्रयोगशाळेच्या आर. एच. क्लार्क यांनी ते फिरत्या बिनतारी यंत्राला लावून दाखविले. नऊशे मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 33 सेंटिमीटर. बळकट लहरीच्या जागेपासून मावळलेल्या लहरीची जागा तिच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर, म्हणजे वीतभराच्या आतच असू शकते. खिडकीशी उभा असलेला माणूस यंत्र जरासे इकडेतिकडे करतो आणि ‘आता ऐकू येते’ म्हणतो, ते उगाच नव्हे.

येथे एक उलटी वाटणारी गोष्ट निष्पन्न होते. ताशी 72 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या आगगाडीतील प्रवासी सेकंदाला वीस मीटर, म्हणजे असे शंभराहून अधिक खळगे ओलांडतो. प्रत्येक खळगा क्षणार्धात मागे पडतो. चुका बारीक आणि विखुरलेल्या होतात. रमतगमत चालणारा माणूस सेकंदाला आठ-नऊच खळगे ओलांडतो, म्हणून तो प्रत्येकात जास्त वेळ राहतो आणि त्याच्या चुकांची झुंड लांबते. एकाच मनोऱ्याखाली, एकाच जातीच्या यंत्रावर, केवळ चालीमुळे चुकांचा स्वभाव पालटतो. अर्थात, आगगाडीच्या प्रवाशाची दुःखे निराळी आहेतच. डोंगराची सावली पडली, बोगदा लागला, किंवा एका मनोऱ्याकडून दुसऱ्याकडे सुपूर्द होताना मध्येच धागा तुटला, की तेथे वाईट काळ सेकंदांनी मोजावा लागतो. म्हणूनच पुढे 1990 नंतर दोन अवस्थांऐवजी अनेक अवस्थांची प्रारूपे तयार झाली.

झुंडीवर एक जुना इलाज आहे, सरमिसळीचा. पत्त्यांप्रमाणे पाकिटांचा क्रम आधीच विस्कटून पाठवायचा आणि पलीकडे पुन्हा लावून घ्यायचा. मग वाटेत सलग वीस बुडाली, तरी क्रम लावल्यावर ती वीस निरनिराळ्या गटांतून एकेक गेल्यासारखी दिसतात, आणि प्रत्येक गटाची बेरीज आपापले हरवलेले पाकीट भरून काढते. इलाज सुंदर आहे, पण तो काळाच्या मोलाने मिळतो. वीस पाकिटांची झुंड पांगवायची तर अकरांचे वीस गट, म्हणजे 220 पाकिटे, एकत्र हाताळावी लागतात. सेकंदाला अडीचशे पाकिटे जात असतील, तर जवळजवळ नऊ दशांश सेकंद थांबणे आले. चित्रपट पाहणाऱ्याला याचे काहीच वाटणार नाही. पण समोरासमोर संभाषण चालले असता आवाज पोहोचण्यास सुमारे 150 सहस्रांश सेकंदांहून अधिक वेळ लागला, की दोघे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. तेव्हा झुंड किती लांब हे आधी ठाऊक असेल तरच सरमिसळ किती करावी हे ठरते. उगाच जास्त केली तर संभाषण मरते, कमी केली तर चित्र मरते.

चुकीचा स्वभाव ओळखण्यात फसगत झाली म्हणजे काय होते, त्याचे मोठे बोलके उदाहरण इंटरनेटच्या इतिहासात आहे. 1986 च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचे विद्यापीठ यांमधील वाहतूक, अंतर चारशे यार्डांचे असूनही, सेकंदाला 32 हजार बिटांवरून अवघ्या 40 बिटांवर घसरली. सगळेच एकदम रेटू लागल्याने वाट तुंबली होती. व्हॅन जेकबसन यांनी 1988 मध्ये त्यावर उपाय सांगितला: पाकीट हरवले, तर वाट तुंबली असे समजून पाठविणाऱ्याने आपला वेग मोठ्या प्रमाणात कमी करावा. तारेवर पाकीट खराब होणे इतके दुर्मिळ होते की हे अनुमान जवळजवळ नेहमी खरे ठरे. इंटरनेट त्या नियमावर सावरले गेले. पण तोच नियम बिनतारी वाटेवर गेला, तेव्हा तेथे पाकीट गर्दीने नव्हे तर मावळत्या लहरीने हरवत होते. वाट मोकळी असताना गाडीवान बैल आवरून उभा राहू लागला.

1995 च्या सुमारास बर्कली येथे हरी बालकृष्णन, मूळचे मद्रासच्या आय. आय. टी. चे विद्यार्थी, आणि त्यांचे सहकारी यांनी यावर तोड काढली. मनोऱ्याच्या ठिकाणीच पाकिटांच्या प्रती थोडा वेळ जपून ठेवायच्या. एखादे बिनतारी टप्प्यावर हरवले तर तेथूनच ते पुन्हा पाठवायचे आणि दूरच्या पाठविणाऱ्याला त्याची खबरही लागू द्यायची नाही. मधला हा कारकून जे करतो ते कागदोपत्री नियमाला धरून नसेलही. पण कोणता दोष वरपर्यंत कळवावा आणि कोणता जागच्या जागी निस्तरावा, हे समजणारा माणूस प्रत्येक चांगल्या कचेरीत असतो.

दुसरी दिशा होती ती कोणत्या पाकिटाला अधिक जपावे हे ठरविण्याची. बधिर व्यक्तींना मोबाइलवर खुणांच्या भाषेत बोलता यावे, म्हणून अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात रिचर्ड लॅडनर, इव्ह रिस्किन आणि त्यांचे सहकारी यांनी 2005 च्या सुमारास काम सुरू केले. तेव्हाची मोबाइलची वाट फार अरुंद होती. येथे चित्र म्हणजे शोभा नव्हे, चित्र हेच बोलणे. बोटांची एक हालचाल पुसट झाली तर शब्दच गेला. खुणांचे बोलणे पाहणाऱ्याची नजर मुख्यत्वे चेहऱ्यावर असते, हे ध्यानात घेऊन त्यांनी मिळणारे बिट चेहरा आणि हात यांवर अधिक, आणि पार्श्वभूमीवर कमी खर्चिले. याच न्यायाने पूर्ण चित्राच्या पाकिटांना बेरजेचे दुहेरी कवच द्यावे आणि फरकाच्या शेवटच्या पाकिटांना उघड्यावर जाऊ द्यावे, ही रीत चलच्चित्रांच्या वहनात रूढ झाली.

तथापि गिल्बर्ट यांचे प्रारूप सत्याच्या किती जवळ आहे, हे प्रत्यक्ष मोजल्यावाचून कळण्यासारखे नव्हते. 1997 साली कार्नेगी मेलन विद्यापीठात ब्रायन नोबल, एम. सत्यनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी पण कष्टाची युक्ती प्रसिद्ध केली. संगणक हाती घेऊन विद्यापीठाच्या आवारात फिरायचे, वाटेचे गुणदोष क्षणाक्षणाला टिपायचे, आणि मग ती नोंद प्रयोगशाळेत पुन्हा ‘वाजवायची’, म्हणजे टेबलावर स्वस्थ बसलेल्या यंत्राला आपण आवारात फिरत आहोत असा भास होतो. ध्वनिमुद्रिका जशी गायकाच्या गैरहजेरीत गाते, तशी ही वाटेची मुद्रिका. पुढे 2001 च्या सुमारास बर्कली येथील आल्मुदेना कॉनरॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोबाइल जाळ्यावरील अशा नोंदी तपासल्या, तेव्हा एकच साखळी सगळ्या नोंदीला लागू पडत नाही असे आढळले. वाटेचा स्वभावच काळाबरोबर पालटत होता. त्यांनी नोंदीचे शांत आणि त्रस्त असे तुकडे पाडले, आणि त्रस्त तुकड्यांना निराळे प्रारूप लावले. तेव्हा कोठे गणित मोजणीशी जुळू लागले.

दरम्यान खुद्द मोबाइल जाळेच बदलले. चौथ्या पिढीच्या जाळ्यात मनोरा सेकंदाच्या सहस्रांशात एक गठ्ठा पाठवितो, आणि दहांतला एक पहिल्या खेपेस फसावा अशा बेताने आपला वेग मुद्दामच चढा ठेवतो. फसलेला गठ्ठा आठ सहस्रांश सेकंदांत पुन्हा जातो, आणि आधीचा बिघडलेला गठ्ठाही फेकून न देता दोन्ही मिळून अर्थ लावला जातो. म्हणजे बर्कलीचा तो कारकून आता जाळ्याच्या पोटातच नोकरीस लागला. याचा परिणाम असा, की वरच्या थराला पाकीट हरवलेले क्वचितच दिसते. ते उशिरा आलेले दिसते. चूक नाहीशी झाली नाही, तिने विलंबाचे रूप घेतले. साहजिकच प्रश्नही बदलला: किती पाकिटे हरवतील हे राहिले बाजूला, पुढच्या काही क्षणांत वाट किती रुंद असेल हे कळणे अगत्याचे झाले. 2013 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयात कीथ विन्स्टीन, अनिरुद्ध शिवरामन आणि बालकृष्णन यांनी वाटेच्या रुंदीला पाण्यावर भिरभिरणाऱ्या धूलिकणासारखी भटकणारी राशी मानले, आणि ती सावधपणे अजमावून तेवढीच पाकिटे सोडण्याची पद्धत सुचविली, ती चित्रसंभाषणातील विलंब टाळण्यासाठीच.

चित्रपट किंवा धडे पाहणाऱ्यांसाठी आज जी रीत सर्वत्र आहे ती याहून सोपी. एकच चलच्चित्र निरनिराळ्या दर्जांत तयार ठेवलेले असते, त्याचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात, आणि पाहणाऱ्याचे यंत्र दर तुकड्याला कोणता दर्जा मागावा हे ठरविते. जवळ साठा भरपूर असेल तर उंची माल, साठा आटत आला तर हलका. पडद्यावरचे चित्र मध्येच पुसट होते आणि थोड्या वेळाने उजळते, ते यामुळे. शिक्षकाचा फळा थबकण्यापेक्षा पुसट झालेला बरा, अशी ही तडजोड आहे. पण बारीक अक्षरात लिहिलेल्या समीकरणाच्या बाबतीत ती नेहमीच रास्त असते असे म्हणवत नाही.

हा निर्णय कोणी घ्यावा, साध्या नियमाने की यंत्राला शिकवून, यावर अलीकडे बरीच खटपट झाली. 2017 साली मॅसॅच्युसेट्समध्येच संगणकाला कृत्रिम वाटांवर हजारो वेळा खेळवून हा निर्णय शिकविण्यात आला, आणि नियमांपेक्षा तो सरस ठरल्याचे दिसले. मग स्टॅनफर्ड विद्यापीठाने 2019 मध्ये एक मोठा प्रयोग आरंभिला: दूरचित्रवाणीच्या वाहिन्या लोकांना इंटरनेटवरून विनामूल्य दाखवायच्या, आणि कोणत्या प्रेक्षकाला कोणती पद्धत मिळेल हे चिठ्ठी टाकून ठरवायचे. खऱ्या घरांतल्या खऱ्या वाटांवर, केवळ साठ्याकडे पाहून चालणारा साधा नियम कृत्रिम वाटांवर शिकलेल्या यंत्राच्या तोडीस तोड निघाला. दोहोंपेक्षा बरी ठरली ती निराळीच पद्धत. तीत पुढचा तुकडा पोहोचण्यास किती वेळ लागेल एवढेच भाकीत यंत्राकडून घेतले जाई, आणि ते त्याच प्रेक्षकांच्या प्रत्यक्ष नोंदींवर दररोज पुन्हा शिकविले जाई. पुढे तपासता असे आढळले की, दररोजच्या या नव्या शिकवणीने फारसा फरक पडत नव्हता. नोंदी त्याच वाटेवरच्या होत्या, याने पडत होता.